शिमोनमामांचा खडू

फोन आला तेव्हा मी चिकलठाण्यात, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये, जुन्या लेथ मशीनचा भाव पाडत उभा होतो. "शिमोनमामा गेले," बायको म्हणाली. मी फोन खिशात टाकला आणि समोरच्याने सांगितलेल्या भावाला सरळ हो म्हणालो. तीस वर्षांच्या धंद्यात असं पहिल्यांदाच घडलं. आपण भाव कमी तर सांगितला नाही ना, या विचाराने तो बिचारा माझ्याकडे बघतच राहिला... या गोष्टीला सहा आठवडे झाले. आज लिहायला बसलोय, पण आधीच सांगतो, मामांवरचा माझा राग अजून पुरता गेलेला नाही.

मामा नात्याचे नव्हेत, सगळ्यांचेच मामा. आमच्या पडेगावच्या लहानशा चर्चचे पंच, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांपैकी एक. आयुष्यभर विजेच्या खांबांवर चढलेला लाइनमन. मी फुलंब्रीकडच्या खेड्यातून आलेला, सायकलवर भंगार गोळा करणारा. मी सभासद झालो त्या रविवारी पाळकसाहेबांनी मला सगळ्यांपुढे उभं करून विचारलं, उपासना चुकवणार नाहीस ना, एकमेकांची ओझी वाहशील ना, भांडण झालं तर स्वतः जाऊन समेट करशील ना... सौदा लवकर आटपावा म्हणून मी सगळ्याला भराभर होय म्हणालो. सगळ्यांनी हात मिळवले. मामांनी मात्र माझ्या हातात खराटा दिला. "सर्टिफिकेट नंतर. शनिवारी संध्याकाळी ये, तुझी पाळी हाय." आमच्याकडे दर शनिवारी एका सभासदाने चर्च झाडायचं, सतरंज्या झटकून अंथरायच्या. दाराशेजारच्या फळ्यावर मामा खडूने पाळ्या लिहीत. त्यात पाळकसाहेबांचंही नाव असे.

पुढे माझा धंदा वाढला, गाडी आली, आणि खराटा हातात धरायची लाज वाटू लागली. एका शनिवारी मी आमचे ड्रायव्हर रफिकभाई यांना पाठवलं. ते तासाभरात परत आले, शर्टाची इस्त्रीसुद्धा न मोडता. "शेठ, मामा तो मेरेकू कुर्सीपे बिठाके चाय पिलाए, और खुदच झाडू मारे. बोले, तुम मेहमान हो." मी तणतणत मामांकडे गेलो. "काम झाल्याशी मतलब, का माणसाशी?" ते शांतपणे म्हणाले, "काम तर मी बी करतो रं. पाळी तुझी होती."

ठिणगी पडली ती पंख्यांवरून. पडेगावचा उन्हाळा, पत्र्याचं छप्पर, लोक पुठ्ठ्याने वारा घेत बसायचे. मी आठ पंखे दिले, चांगल्या कंपनीचे. बदल्यात भिंतीवर माझ्या नावाची एक संगमरवरी पाटी मागितली. सगळे पंच तयार होते. मामा एकटे आडवे आले. "पंख्याला पाटी, मग खराट्याला बी लावू. समद्यांची नावं मावतील का भिंतीवर, दानियलराव?" ते मला दानियलराव म्हणाले की समजायचं, आता एक पैसा खाली येणार नाहीत. माझं डोकं फिरलं. भर बैठकीत ओरडलो, "माझं नाव काटा तुमच्या फळ्यावरून!" आणि निघालो.

दीड वर्ष मी शहरातल्या एका मोठ्या चर्चमध्ये गेलो. एसी, गुबगुबीत खुर्च्या, दारात गुलाबपाणी. एकदा मी सलग चार रविवार गेलो नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही. गिऱ्हाईक गेलं तर मी दुसऱ्या दिवशी फोन करतो, आणि इथं...

मग एका शनिवारी संध्याकाळी दौलताबादकडून सौदा करून परतत होतो. आमच्या चर्चचं दार उघडं दिसलं. आत मामा, ऐंशीच्या घरातले, एकटेच सतरंजी झटकत होते. सतरंजीला दोन माणसं लागतात. मामांनी एक टोक सुतळीने खिडकीच्या गजाला बांधलं होतं आणि दुसरं धरून झटके देत होते. वर माझे पंखे गरगरत होते. फळ्यावर त्या शनिवारसमोर लिहिलं होतं, दानियल.

"माझं नाव काटा म्हणालो होतो मी."

"व्हय, म्हणला होतास." मामांनी मागं वळूनही पाहिलं नाही. "खडू माझ्या हातात हाय."

"दीड वर्ष माझ्या पाळ्या तुम्ही केल्या?"

"तू समद्यांपुढं होय म्हणला होतास. आम्ही बी होय म्हणलो होतो तुला. तू तुझं मोडलंस, आमचं कसं मोडंल?"

पण धंद्याची सवय जात नाही. "पाटीचं काय?"

"पाटी नाय."

"लहानशी?"

"नाय."

"मागच्या भिंतीला, कुणाला दिसणार नाही अशी?"

मामा हसायला लागले. हसता हसता खोकले. "लई चिवट हायेस दान्या. ती सुतळी सोड, अन् टोक धर."

धरलं. त्यानंतर एकही पाळी चुकवली नाही.

मामांच्या अंत्ययात्रेला चर्चबाहेर रस्त्यापर्यंत माणसं उभी होती. तबला, झांजा, पेटी, आणि गळ्याच्या शिरा ताणून गाणारी मंडळी. रफिकभाईंनी शेवटपर्यंत खांदा सोडला नाही. रडत आलेली माणसं गात परतली. हा माणूस हरलेला नाही, हे त्या दिवशी परक्यालाही कळलं असतं. पुढच्या बैठकीत मंडळींनी ठराव आणला, मामांच्या स्मरणार्थ संगमरवरी पाटी लावू. मी उठून उभा राहिलो. "नाय. मला नाय, तर त्यांनाही नाय." तासभर भांडलो. आयुष्यातला सर्वांत चांगला सौदा मी त्या दिवशी जिंकला. पाटी रद्द झाली, आणि फळ्यावरच्या पाळ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं.

गेल्या महिन्यात एक सभासद माझ्याशी कडाकडा भांडला. चूक अर्धी माझीच होती. "काटा माझं नाव!" म्हणून दार आपटून गेला. समेटासाठी दोनदा त्याच्या घरी जाऊन आलो, अजून दार उघडत नाही. काल शनिवार होता, त्याची पाळी. मी चर्च झाडलं. खिडकीच्या गजाला मामांची सुतळी तशीच आहे. तिला सतरंजीचं टोक बांधलं आणि झटके दिले. मग फळ्यापाशी जाऊन पुढच्या पाळ्या लिहिल्या. त्याचं नाव जरा ठळक लिहिलं.