विहीणबाईंबरोबर लंडन ते डब्लिन

माझ्या मुलीच्या सासूबाई अक्कलकोटच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या मैंदर्गीच्या. मी सोलापुरात सात रस्ता चौकाजवळ राहते, बँकेतून निवृत्त झालेली. सकाळच्या एसटीनं निघालं तर दुपारच्या जेवणाआधी एकमेकींच्या घरी पोचता येतं, पण सणावाराशिवाय आम्ही कधी गेलो-आलो नाही. हळदीकुंकू, ओटी, ‘तब्येत बरी आहे ना’, एवढ्यावर आमचं बोलणं संपायचं.

गेल्या उन्हाळ्यात लेकीनं आणि जावयानं आम्हा दोघींना एकदमच लंडनला बोलावलं. नात तीन वर्षांची. तिच्याशी विहीणबाई कानडीत बोलायच्या, मी मराठीत, आणि ती दोघींना इंग्रजीत उत्तरं द्यायची. एकदा तिनं पेला पुढं करून ‘नीरु’ मागितलं. विहीणबाईंनी हसून पाणी दिलं. मी मात्र त्या दिवशी तिच्यामागं ‘पाणी पाणी’ करत हिंडले. मुलीच्या ते लक्षात आलं होतं.

आम्ही सगळ्यांनी मिळून डब्लिनला जायचं ठरलं होतं. लंडनहून रेल्वेनं वेल्सच्या टोकाला, तिथून मोठ्या बोटीनं समुद्र ओलांडून आयर्लंड. तिकिटं आणि हॉटेलं एका कंपनीनं ठरवून दिली होती, बाकी प्रवास आपला आपण करायचा. निघायच्या आदल्या दिवशी नातीच्या अंगावर कांजिण्या उठल्या. लेक म्हणाली, “तुम्ही दोघी जाऊन या. आम्ही थांबतो.”

मी नकोच म्हणणार होते. विहीणबाईंनी विचारलं, “गाइड कोन हाय?”

“कोणी नाही. आपणच.”

“मग जाऊ की. कुनाच्या झेंड्यामागं पळायला नको.”

जावयानं माझ्या फोनमध्ये सगळी तिकिटं घालून दिली आणि स्टेशनवर आम्हाला डब्यात बसवून दिलं. गाडी सुटेपर्यंत तो खिडकीबाहेर उभा होता. त्याच्या चेहऱ्याकडं बघून विहीणबाई म्हणाल्या, “आमी साळंला निघाल्यागत बघतोय.”

पहिले दोन तास आम्ही दोघी अवघडून बसलो. मी चपातीचा रोल पुढं केला, त्यांनी शेंगाचटणीची पुडी काढली. बोलणं काही पुढं जाईना. चेस्टर स्टेशन मागं गेलं, वेल्स लागलं आणि स्टेशनांवरच्या पाट्या बदलल्या. वर एका भाषेत, खाली इंग्रजीत. विहीणबाईंना इंग्रजी वाचता येत नाही, पण अक्षरं ओळखता येतात. त्यांनी खिडकीला नाक लावलं.

“हितं दोन भाषा हायत का?”

“दिसतंय तसं. वेल्श आहे वरची.”

“आपल्या अक्कलकोटाकडं दुकानावर असतंय, तसं.” त्यांनी समोरच्या सीटवरच्या बाईंकडं हळूच मान वळवली. साधारण आमच्याच वयाच्या, केस पांढरे, टेबलावर चहाचा कागदी कप. “ह्यांना इचारा की, घरात कंची बोलतात.”

अनोळखी माणसाला असं विचारायचं मला जमत नाही. पण विहीणबाई त्या बाईंकडं बघून आधीच हसल्या होत्या. मग विचारलं. त्या बाईंना आनंदच झाला. आईशी वेल्श बोलत होते, म्हणाल्या. नवरा लिव्हरपूलचा, त्याच्याशी इंग्रजी. कुत्र्याशी वेल्श.

“कुत्र्यासंगं बी?” विहीणबाईंनी विचारलं.

मी भाषांतर केलं. बाई म्हणाल्या, त्याला इंग्रजीत सांगितलं तर तो ऐकतच नाही.

बाहेर एका बाजूला समुद्र होता, दुसऱ्या बाजूला टेकड्यांवर मेंढ्या. प्रत्येक मेंढीच्या पाठीवर निळा नाहीतर लाल ठिपका. बाईंनी बोट दाखवून सांगितलं, ‘दवाद’. विहीणबाई म्हणाल्या, ‘कुरी’. मग दोघींनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, ‘मेंढी’. बाईंनी दोनदा प्रयत्न केला, पण ‘ढी’ काही त्यांना जमेना. विहीणबाईंना ठिपक्यांचं कुतूहल. त्यांना वाटलं, दुखणं झालेल्या मेंढ्यांवर खूण केली असेल. बाई म्हणाल्या, तसं नाही, कोणती मेंढी कोणाची ते कळावं म्हणून. विहीणबाईंनी मान डोलावली आणि पुढं बराच वेळ निळ्या ठिपक्यांची मालकी जास्त की लाल ठिपक्यांची ते बघत बसल्या.

एका गढीला घासूनच गाडी गेली. त्यानंतर बाईंनी मला विचारलं, “तुम्ही दोघी एकाच भाषेच्या का?” मी हो म्हटलं, आम्ही मराठीत बोलतो. विहीणबाईंनी काय विचारलं म्हणून माझ्याकडं पाहिलं. मी सांगितलं.

त्या म्हणाल्या, “त्यास्नी सांगा, तुमच्यासंगं मी पावण्यांची भाषा बोलते.”

हे मी त्या बाईंना सांगितलं नाही. कसं सांगावं ते सुचेना. इतकी वर्षं मी विहीणबाईंचं मराठी ऐकत होते. कधी त्या कानडी मिसळायच्या, तर मला वाटायचं, चुकतंय त्यांचं.

वेल्सच्या टोकाला, होलीहेडला उतरलो तेव्हा वारा सुटलेला. बंदरावरच्या मोठ्या दालनात पाटीवर लिहिलं होतं, आमची बोट उशिरा सुटेल. खिडकीतल्या माणसानं सांगितलं, संध्याकाळपर्यंत थांबा. लोकांनी तक्रार न करता बॅगा खाली ठेवल्या आणि डबे उघडले. आम्हीही कोपरा धरला.

वेळ खूप होता. म्हणून असेल, किंवा सकाळचं ते वाक्य डोक्यातून जात नव्हतं म्हणून असेल, मी विचारलं, “तुम्ही नातीशी कानडीतच का बोलता? मराठी तर तुम्हाला चांगलं येतं.”

त्यांना राग आला नाही. पदर नीट केला. “माझं माहेर त्या बाजूला, विजापुराकडं. लग्न हुईस्तवर मराठी आइकलं बी न्हवतं. मैंदर्गीत बाजारात शिकले. पोरगं सोलापूरला शिकायला ठेवलं. सुट्टीत घरी आलं की मी कानडीत बोलायची, ते मराठीत उत्तर द्यायचं. म्हटलं असूंदे. मग पुन्याला गेला, मग हितं. आता फोनवर ‘हां अव्वा, हूं अव्वा’ म्हनतो. तेवढंच कानडी उरलंय.” मग म्हणाल्या, “मला ईनबाई, भांडायचं न्हाय कुनासंगं. पर मी गेल्यावर घरात कुनाला तरी कळाय पायजे, म्हातारी काय म्हनत हुती.”

मी त्यांना ‘नीरु’ची गोष्ट सांगितली. त्या दिवशी माझा जीव कसा वरखाली झाला तेही सांगितलं. त्या हसायला लागल्या.

“मला ठावं हाय की. तुमी सांजपतोर तिला पानीच पाजत हुता. पोरीला रात्री तीनदा उटवावं लागलं.”

मीही हसले. शेजारच्या बाकावरच्या एका ट्रकवाल्यानं आमच्याकडं पाहिलं आणि तोही उगाच हसला.

संध्याकाळी बोट सुटली तेव्हा अजून चांगलं ऊन होतं, तिकडं उन्हाळ्यात दिवस उशिरा मावळतो. एवढी मोठी बोट मी पाहिली नव्हती. खालच्या मजल्यांवर ट्रक आणि गाड्या, वर हॉटेलासारखी खुर्च्यांची दालनं. विहीणबाईंना सगळं बघायचं होतं. ट्रकवाले गाडीत झोपतात की वर येतात, चहाचे कप घसरत का नाहीत, एवढं लोखंड तरंगतं कसं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी शाळेत शिकले होते, पण सांगायला लागल्यावर नीट आठवेना. मग आम्ही दोघींनी मिळून तो प्रश्न सोडून दिला.

मोकळ्या समुद्रात बोट डोलायला लागली. मी डोळे मिटून खुर्चीला धरून बसले. विहीणबाईंनी कुठून तरी उलटीसाठी कागदी पिशवी आणली. माझ्या पाठीवरून हात फिरवत त्या काहीतरी बोलत होत्या, हळू, न थांबता. ‘कुंदर्री, कुंदर्री’ एवढं मला कळलं. बसा, बसा. बाकीचं कळलं नाही. त्या माझ्याशी कानडीत बोलतायत हे त्यांच्या लक्षात आलं होतं की नाही, ते मी अजून विचारलेलं नाही.

डब्लिनला उतरलो तर रस्त्यावरच्या पाट्यांवर पुन्हा दोन भाषा, वर आयरिश, खाली इंग्रजी. दुसऱ्या दिवशी विहीणबाईंनी मला सोडलं नाही. हॉटेलातली मुलगी, फळवाला, बसचा ड्रायव्हर, दिसेल त्याला विचारायला लावलं, ही वरची भाषा तुम्ही बोलता का. हॉटेलातली मुलगी ब्राझीलची निघाली. फळवाला म्हणाला, शाळेत होती, नावडती. ड्रायव्हरनं मात्र सिग्नलला बस थांबली असताना एक अख्खं वाक्य म्हणून दाखवलं. अर्थ विचारला तर म्हणाला, बाई, मी लघवीला जाऊ का? शाळेतलं तेवढंच त्याच्या लक्षात होतं.

मी हसत भाषांतर केलं. विहीणबाई हसल्या नाहीत.  खिडकीबाहेरच्या पाटीकडं बोट करून म्हणाल्या, “भिताडावर लिव्हून काय हुतंय. घरात पायजे.”

परतीचा समुद्र शांत होता. आम्ही घरी पोचलो तेव्हा नातीच्या कांजिण्यांवर खपल्या धरल्या होत्या. ती आमच्याशी इंग्रजीतच बोलली, आणि अजूनही बोलते. पुढं तिचं काय होईल ते मला माहीत नाही. लेक म्हणते, तिला सगळं कळतं, बोलत नाही एवढंच. मी आता त्यावर वाद घालत नाही.

आम्ही भारतात परतल्यापासून विहीणबाईंच्या दातांचं काम सोलापुरात चालू आहे. डॉक्टरकडं आल्या की माझ्याकडं मुक्काम करतात. मी त्यांना सांगितलंय, माझ्याशी कानडीत बोला, न कळलेलं मी विचारीन. त्या शिकवायला अजिबात चांगल्या नाहीत. भराभर बोलतात आणि माझा उच्चार ऐकून हसतात. मागच्या खेपेला जेवताना त्या आमटीचा भुरका घेऊन काहीतरी बोलल्या. त्यातला ‘उप्पु’ मला कळला, मीठ. म्हटलं, “काय झालं मिठाचं?”

“कमी हाय,” त्या मराठीत म्हणाल्या. “पोरांच्या लग्नापासून तुमच्या आमटीत कमीच असतंय.”

मी उठून मिठाची बरणी आणली.