तिला सगळी गाणी पाठ होती

अमेरिकेतल्या चँडलरला येऊन आम्हाला चार वर्षं होत आली होती. ऐंशीचं दशक तेव्हा अर्ध्यावर आलं होतं. मी कॉम्प्युटरच्या चिप्स बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होतो. बायको घरीच असे. तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, आणि ड्रायव्हिंग शिकवतो शिकवतो म्हणत मी तिला शिकवलं नव्हतं. किचनमध्ये एक रेडिओ होता. त्यावर दिवसभर कंट्री म्युझिकचं स्टेशन चालू असायचं. मलाही चाली आवडायच्या, पण शब्दांकडे माझं कधीच लक्ष नसे. सुरुवातीला ती मला शब्दांचे अर्थ विचारायची. "ऑफिसात विचारून सांगतो," म्हणायचो आणि विसरायचो. मग तिनं विचारणं सोडून दिलं.

एका शनिवारी दुपारी गावाबाहेरच्या मैदानात कंट्री म्युझिकचा कॉन्सर्ट होता. ऑफिसातल्या सहकाऱ्याला जाता येणार नव्हतं, म्हणून त्याची दोन तिकिटं मला मिळाली. बायकोला सांगितलं तर ती लगेच साडी इस्त्री करायला बसली.

मैदानात सगळीकडे काउबॉय हॅट, घडीच्या खुर्च्या, भाजलेल्या मक्याचा वास. साडीतली ती एकटीच. स्टेजवर पांढऱ्या दाढीचा गायक आला, गिटार आणि व्हायोलिनसारखी फिडल सुरू झाली, आणि शेजारी कुणीतरी गायला लागलं. मी वळून पाहिलं. ती माझी बायकोच होती. तिला सगळी गाणी पाठ होती. एकही शब्द अडत नव्हता. चार वर्षांच्या संसारात मी तिला गाताना ऐकलं नव्हतं. पलीकडच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्या अमेरिकन बाई कौतुकानं टाळ्या वाजवत होत्या. मलाही अभिमान वाटला.

मग एक संथ गाणं लागलं. एका ट्रक ड्रायव्हरच्या बायकोचं. तो घरी येतो, जेवतो, झोपतो, सकाळी निघून जातो. एवढंच. ते गाणं मी घरात शंभरदा ऐकलं असेल, अर्थ त्या दिवशी पहिल्यांदा कळला. ती गायची थांबली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"काय झालं? ऊन लागतंय का?" मी विचारलं.

"अहो, मला परत जायचंय."

"एवढं गाणं होऊ दे, मग निघू."

"घरी नाही म्हणत मी. नागपूरला."

"जाऊ की डिसेंबरात. सुट्टी टाकतो."

"मी एकटी जाणार आहे. आणि परत नाही यायची." ती स्टेजकडेच बघत होती. "तुम्ही वाईट नाही हो. पण मी दिवसभर काय करते, हे तुम्ही मला एकदा तरी विचारलंत का?"

मी आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं. काही सापडलं नाही. तेवढ्यात गाणं संपलं आणि सगळं मैदान टाळ्या वाजवायला लागलं. म्हाताऱ्या बाईंनी पर्समधून रुमाल काढून तिच्या हातात दिला आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. मी तिथंच, हातभर अंतरावर, बसून होतो.

जूनमध्ये ती गेली. एअरपोर्टवर मी बॅगांच्या वजनाबद्दल बोलत राहिलो. थांब म्हणायचं होतं, ते राहूनच गेलं. गेल्यावर तिचं एक पत्र आलं. शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी मिळाली होती. त्यानंतर वकिलाचे कागद आले.

सही करण्याआधी मी नागपूरला फोन लावला. तिच्या वडिलांनी घेतला. ती शाळेत गेली होती.

"काही निरोप द्यायचा आहे का?" त्यांनी हळूच विचारलं.

बोलायचं ते सगळं मी कागदावर लिहून समोर ठेवलं होतं.

"नाही, काही नाही," म्हणालो, आणि फोन ठेवला.