फळ्यावरची तिसरी ओळ

सकाळचे सहा चाळीस. रुग्णालयाच्या नोंदणी खोलीत कारकूनबाई साथीच्या वॉर्डात दाखल झालेल्यांचे कागद वयाप्रमाणे लावत होत्या. साठीपुढचे डावीकडे, बाकीचे उजवीकडे. प्रत्येकावर 'लस' या शब्दापुढे हो किंवा नाही. सात वाजता त्या फाटकावरच्या फळ्यावर आकडे लिहितात. अक्षर मोत्यासारखं, म्हणून लोक थांबून वाचतात.

त्या आठवड्यात फळ्यावर होतं : साठीपुढचे दाखल तीस. लस घेतलेले अठरा, न घेतलेले बारा.

वाचणाऱ्यांत बाईंची आत्याही होती. वय चौऱ्याहत्तर, त्यातली पन्नास वर्षं शिवणयंत्रावर गेलेली. आईमागे बाईंना तिनेच वाढवलं. आज जाते, उद्या जाते करत तिने लस टाळली होती. आता तिला कारणच मिळालं.

"लसवालेच जास्त पडलेत. मी नाही म्हणत, तुझंच अक्षर आहे."

आकडे खरे होते. शहरात साठीपुढची माणसं दहा हजार. नऊ हजारांनी लस घेतली होती, हजार राहिले होते. हा भागाकार नोंदणी खोलीत सगळ्यांना इतका पाठ, की बाहेरच्याला तो सांगावा लागेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. बाईंच्याही.

दुपारी जेवताना त्यांनी आत्याच्या धंद्यातलंच उदाहरण घेतलं. "एका दोऱ्याने नऊ हजार सदरे शिवलेस, अठरा उसवले. दुसऱ्याने हजारच शिवलेस, तरी बारा उसवले. पुढचा सदरा कुठल्या दोऱ्याने शिवशील?"

"उसवतो तर पहिलाही."

"उसवतो. हजारात दोन. दुसरा हजारात बारा."

आत्याने घास संपवला. "मग असं लिही ना, बये. माणसांना कोड्यात कशाला घालतेस?"

डॉक्टरांची परवानगी घेऊन बाईंनी दुसऱ्या दिवशी तिसरी ओळ वाढवली : दर हजारात दाखल, लस घेतलेल्यांत दोन, न घेतलेल्यांत बारा. त्या आठवड्यात लसीच्या खोलीत साठीपुढचे एकेचाळीस जण नव्याने आले. आदल्या आठवड्यात पंधरा होते. हे फळ्यामुळे झालं असं बाई म्हणत नाहीत. त्याच दिवसांत परिचारिका घरोघरीही फिरत होत्या. डॉक्टरांनी आभार मानले, तेव्हा बाईंनी ते आत्याच्या नावावर केले.

"तोंडावर बोलणारं माणूस घरात आहे, हे माझं नशीब," त्या म्हणतात. "बाकीचे वाचून गुपचूप घरी गेले असते." वॉर्डात पाय ठेवायला जागा नसतानाही प्रत्येक कागदावर वय न चुकता लिहिणाऱ्यांचे उपकार त्या वेगळे मोजतात. वय नसतं, तर भागायचं कशाने?

आत्या मात्र लगेच हलली नाही. आठ सकाळी तिने फळा स्वतः वाचला. आकडे थोडे इकडेतिकडे झाले, अंतर तेवढंच राहिलं. नवव्या दिवशी, म्हणजे आज, तिने कुणाला न सांगता खिडकीवरून टोकन आणलं. क्रमांक सात. लसीची खोली उद्या साडेनऊला उघडते.