अमावस्येला टाळलेला अपडेट

वडीगोद्रीत हायवेच्या कडेला टायरच्या दुकानाच्या वर आमचं घर आहे. तिथल्या खिडकीशी बसून मी नोकरी करते. धरणाचे दरवाजे उघडले की नदीकाठच्या लोकांच्या फोनवर मेसेज जातो. तो मेसेज वाहून नेणारं सॉफ्टवेअर सांभाळणं हे माझं काम. सॉफ्टवेअर फुकटचं, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं. त्यातल्या चुकाही तेच शोधतात आणि दुरुस्त करून पाठवतात.

त्या आठवड्यात अशीच एक दुरुस्ती आली होती. सोबतच्या टिपेत स्पष्ट लिहिलं होतं की मशीन अचानक बंद होऊन चालू झालं, तर मेसेज पुढे पाठवणारा भाग गुपचूप थांबू शकतो, आणि वरून सगळं ठीक असल्याचं दाखवत राहतो. लवकर अपडेट करा. मी सकाळीच करायला बसले होते, तेवढ्यात आई चहा घेऊन आली.

"आज अमवश्या हाय. नवं काही घालू नको त्याच्यात."

मी हसले. पण मागच्या अपडेटला माझ्याच हातून सगळं बंद पडलं होतं आणि साहेबांनी सगळ्यांसमोर माझी बिनपाण्यानं केली होती. भीती माझीच, ती मी अमावस्येच्या गळ्यात घातली. साहेबांना फोनवर म्हणाले, "थोडी चाचणी राहिलीय, उद्या करते." अमावस्या पाळणारी इंजिनिअर, हे कोणत्या तोंडानं सांगणार होते?

अकराच्या सुमारास, हे सॉफ्टवेअर चालतं त्या ऑफिसातल्या मशीनची वीज गेली आणि लगेच आली. माझ्या स्क्रीनवर सगळे दिवे हिरवे. मी निवांत जेवायला बसले.

माझा मामा तेव्हा रोज नदीतल्या बेटावर मेंढरं चारायला न्यायचा. त्याला वाचता येत नाही. मेसेजचा तो वेगळा आवाज वाजला की मेंढरं बाहेर काढायची आणि मला एक मिस्ड कॉल द्यायचा, असं आमचं ठरलेलं. जेवून परत आले तर धरणाचे दरवाजे उघडल्याची नोंद येऊन पाऊण तास झाला होता. मामाचा मिस्ड कॉल नव्हता.

मी नोंदी उघडल्या. मेसेज रांगेत तसेच पडून होते, एकही पुढे गेलेला नव्हता. आणि दिवे हिरवेच! मामाला फोन लावला. रिंग वाजत राहिली, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. पाणी बेटापर्यंत यायला दीड तास लागतो, म्हणजे आता पाऊण तास उरला होता.

गाडी काढून नदीवर पळावं असं वाटलं. पण बेटावर एकटा मामाच नव्हता, मासे धरणारे होते, कपडे धुणाऱ्या बायका होत्या. मी गेले तर मेसेज कोण सोडणार? नुसतं बंद करून चालू करून पाहिलं, तर पुन्हा तिथंच अडकलं. मग सकाळी टाळलेली दुरुस्तीच घालायला घेतली. घाईत पासवर्ड तीनदा चुकला. आई दाराशी उभी होती. मला तिचा भयंकर राग येत होता. खरं तर तिचा नव्हे.

अपडेट झाला. अडकलेले मेसेज एकदम सुटले. मी फोन हातात धरून बसले. पाणी पोचायची वेळ झाली. ती टळूनही गेली. मी रडायला लागले होते.

मग फोन वाजला. मिस्ड कॉल नाही, पूर्ण कॉल.

"काय गं, इतके फोन? फोन बिऱ्हाडात होता. म्या बिरोबाला निवद दाखवायला गेल्तो."

"मेंढरं कुठंयत?"

"काठावरच. आज अमवश्या, आज नदीत कोन उतरवतंय? बाकीची मान्सं तुझा मेसेज आला तशी जल्दी निघाली म्हनं. उद्या पानी उतरलं की जातो बेटावर. तुझा मेसेज बराबर येतोच, मंग कशाची काळजी?"



"मामा, उद्यापासून मेसेज आला तरी मी वरून फोनही करीन," एवढंच म्हणाले.

"कशाला गं खर्च?" तो हसला.

आता रोज फोन करते. का, ते त्याला अजून सांगितलेलं नाही.