मामेसासऱ्यांचे बल्ब

विजेचा जेवढा कळवळा माझ्या मामेसासऱ्यांना आहे, तेवढा खुद्द वीज कंपनीलाही नसेल. बायकोचे हे मामा मूळचे पिशोरचे. चितेगावच्या कारखान्यात नोकरी केली आणि निवृत्त होऊन संभाजीनगरात गारखेड्याला स्थायिक झाले. पाहुणा कुणाच्या घरी गेला की आधी पाण्याचा तांब्या बघतो, हे आधी छताकडे बघतात. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा त्यांचा हात खिशात गेला. आहेराचं पाकीट असेल म्हणून मी वाकून नमस्कार केला, वर बघतो तर गृहस्थ हातात एलईडी घेऊन स्टुलावर! आमचा जुना पिवळा बल्ब फडक्यात धरून उतरले आणि माझ्या नाकासमोर नाचवत म्हणाले, "जावईबापू, ह्यो बल्ब नाय, हीटर हाय हीटर! उजेड चिमूटभर अन् तापणं लई. हात लावून बघा." मी लावला. सासुरवाडीकडून मिळालेला पहिला चटका तो.

असले बल्ब त्यांनी साऱ्या भावकीतून वेचून काढले आणि कुणी परत लावू नयेत म्हणून फोडून टाकले. एलईडी वीज कमी खातो, वर्षानुवर्षं टिकतो, तापत नाही, हे त्यांचं कीर्तन बारशापासून तेराव्यापर्यंत कुठंही चालायचं. कुणी म्हणालं, महाग पडतो, तर ते हसायचे. कुणी म्हणालं, त्या पांढऱ्या उजेडात माणूस आजारी दिसतं, तर लगेच उत्तर, "दिसतंय म्हंजी आसंल. दवाखान्यात न्या त्याला!"

त्यांच्या घरात तक्रार करणारं माणूस एकच, मामी. "अहो, उजेड लई कमी पडतोय, तांदळातला खडा दिसंना." मामांना हा एलईडीचा अपमान वाटायचा. पाच वॅटचा काढून त्यांनी नवाचा लावला, नवाचा काढून बाराचा. मामींना तरी अंधारच. मग मामा गॅरंटीवर बल्ब बदलून घ्यायला गुलमंडीच्या बाजारात. मीही होतो सोबत. दुकानदारानं बल्ब लावून दाखवला, आमचे डोळे दिपले. "चचा, बलब तो चकाचक है," तो म्हणाला, "इससे जास्ती उजाला होना तो सूरज उतारना पडेगा." मामांनी हार मानली नाही. मांडवात टांगतात तसला मोठा दिवा आणून स्वयंपाकघरात लावला. आम्ही डोळ्यांवर हात धरून जेवायला बसलो. भाकरी वाढता वाढता मामी थांबल्या आणि म्हणाल्या, "लाईट गेली व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही मामींना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

काचबिंदू, डॉक्टर म्हणाले. गेलेली नजर परत येत नाही, आधी आणायला हवं होतं. मामा दवाखान्याच्या पायरीवरच बसले. "बल्ब बदलीत राहिलो हो मी," म्हणाले, "नुसते बल्ब बदलीत राहिलो." मला रडू आवरेना.

मामींचा एक नेम होता. दिवेलागणीला घरात दिवा लागला की त्याला हात जोडायचे, मग तो विजेचा का असेना. निरांजनावर पदर पेटता पेटता वाचला, तेव्हापासून ते बंदच झालं. मामा बटण दाबून "लागला गं" म्हणायचे. मामी हात जोडायच्या, पण कधी कपाटाला, कधी दाराला. मामांना ते बघवत नसे. एक दिवस फोन आला. "जावईबापू, तुमच्याकडं एखादा हीटर ऱ्हायलाय का हो?" आमच्याकडं कुठला राहणार, त्यांनीच तर फोडला होता! गावोगाव विचारत शेवटी खुलताबादच्या एका छोट्या दुकानात त्यांना धुळीनं माखलेला एक मिळाला.

परवा संध्याकाळी गेलो, तर देवाच्या कोनाड्यात तो पिवळा बल्ब. मामी भिंत चाचपत आल्या. त्यांनी तळहात पुढं धरला, ऊब लागली तशा हसल्या. "लागला," म्हणाल्या आणि बरोबर त्याच्याकडे तोंड करून हात जोडले. मामा बाजूला डोळे पुसत उभे होते. मामी आत गेल्या. मामांच्याच धाकानं लागलेली सवय, खोली रिकामी झाली की दिवा बंद. माझा हात बटणाकडं गेला, तर त्यांनी मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या जावईबापू," ते म्हणाले. "तापू द्या त्याला."