बाबांच्या दुकानाची पाटी

परवा खिडक्यांना रंग देताना टर्पेंटाइनचा वास आला आणि जुन्या इंदूरमधली आमच्या दुकानाची पाटी आठवली. संस्थान विलीन झालं, बाबांची दरबारातली नोकरी गेली, म्हणून त्यांनी किराणा मांडला होता. शिडीवरच्या पेंटरनं पिवळ्या अक्षरांत त्यांचं नाव आणि जुना हुद्दा रंगवला, अक्षरांना लाल सावली दिली आणि विचारलं, "साहबजी, नीचे किराना लिख दूँ?"

"रहने दो. लोक ओळखतात आपल्याला."

ओळखत होतेच. पाटी वाचून हरखले, बाबांना मुजरा करून पुढे गेले. मला वाटलं, दुकान जोरात चालणार. दिवाळीच्या आत ते बंद झालं. ज्याला मुजरा केला, त्याच्याकडे पावशेर डाळ मागायला कुणाची जीभ रेटणार होती?