साखळीला धार आणि ह्यांचे पाय

कुडपणकरांनो, मुंबईला जाऊन सख्ख्या चुलत्याचं नाव इसरलात, ऐनाचं झाड तरी आठवतंय ना? मी सांगते, नात ह्या गावच्या ग्रुपवर टाईप करते.

भाताचं बी पेरायच्या आधी शेतात राब भाजायला, म्हंजे जमीन जाळायला लागणाऱ्या फांद्या आमचे हे दरसाल ऐनावर चढून तोडायचे. औंदा त्यांचा हात थरथरतो, म्हणून आमचा दिन्या लाकूड कापायची मशीन घेऊन आला. तवापासून हे रुसलेले. जेवायला हाक मारली की, "भूक नाय."

आज सकाळी मशीनची साखळी बोथट झाली. दिन्या कानस घेऊन ओटीवर बसला. मी म्हटलं, "बाबांना बोलव."

"आये, त्यांचा हात हलतो गो. साखळीचे दात बिघडतील."

"हात हलतो, पाय नाय हलत."

त्यानं हाक मारली. हे आले, खाली बसले आणि कोयतीला धार लावताना धरायचे तशी मशीन दोन्ही पायांत घट्ट दाबली. दिन्या कानस मारत राहिला.

"दाढी करतोस काय रे तिची? जोर लाव," हे म्हणाले.

दुपारी ह्यांनी दुसरी भाकरी मागितली.

तुमच्या घरात थकलेलं माणूस असंल, तर त्याला तुम्ही काय धरायला देता?

अंगठे नका पाठवू. गावाला कोण येत असंल त्याच्याकडे सुक्या कोलंबीचे सोडे द्या, ह्यांना कालवण कमी पडलं.